मशीद म्हणा की!

मांडव्याची बोट, पुढे अलिबागपर्यंत तिकिटातच धरलेली बस, दुपारची झोप आणि ओहोटी चुकल्यामुळे लांबूनच पाहिलेला कुलाबा किल्ला. पहिला दिवस एवढ्यातच संपला. हॉटेलबद्दल न बोललेलंच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉग शोधायला निघालो. रिक्षावाल्याला कळेना, फळवालीला कळेना. मी "ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ" असलं सरकारी मराठी बोलायला लागलो, तेव्हा टपरीवरचे एक आजोबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मशीद म्हणा की! इस्राएल आळीत." बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज, आपल्या सिनेगॉगला पूर्वापार मशीदच म्हणतो. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नावही १७९६ साली बांधलेल्या शार हारहमीम सिनेगॉगवरूनच पडलं, असंही सांगतात. त्या स्टेशनात मी कॉलेजची तीन वर्षं चढलो-उतरलो, कधी प्रश्न पडला नाही.

मागेन आबोथ सिनेगॉग १८४८चं, १९१०मध्ये पुन्हा बांधलेलं. डोक्यावर रुमाल बांधून आत शिरलो. मस्त गार होतं. पवित्र ग्रंथांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, जेरुसलेमच्या दिशेला. फोटो चिक्कार काढले.

खरी गोष्ट पुढेच घडली. बाहेर एक मावशी बसल्या होत्या, सुती साडी, पायाशी वालांची परात. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, हे त्या अशा सांगत होत्या की जणू मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. धर्मग्रंथ समुद्रात गेले, 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडी उरली. पुढे घाणे घातले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. मी मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणालो, "मावशी, मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

त्यांनी सोलता सोलता मान वर केली. "मग काय बोलू?"

इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. घरात कीर्तन मराठी, पोथी मराठी, भाऊ १९६०च्या सुमारास इस्राएलला गेला तो तिथूनही मराठीतच पत्रं लिहायचा, आणि हा पुण्याचा शहाणा त्यांना प्रमाणपत्र देतोय. माझं तोंड बघून त्यांनाच दया आली असावी. विषय बदलावा म्हणून त्या सणांबद्दल बोलायला लागल्या. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तो ह्यांचा 'बिरड्याचा सण', कारण सोडताना वालाचं बिरडं. खंडाळ्याला खडकावर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या घोड्याची टाप उमटली आहे, नवस फेडायला तिथे जायचं आणि मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं. मी विचारलं, "खंडाळा? लोणावळ्याजवळचा?" पुन्हा तोच कटाक्ष. अलिबागजवळही एक खंडाळं आहे, हे मला कसं माहीत असणार!

निघताना त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं, "रोहेकर."

"अगो बाई! आमच्यातही रोहेकर आहेत. माझं माहेरच रोह्याचं." त्यांनी परात बाजूला सारली. "कुठे घर तुमचं? अष्टमीच्या बाजूला की अलीकडे? कुंडलिकेला पाणी आहे का हो आता?"

माझे आजोबा नोकरीसाठी पुण्याला आले ते आलेच. वडील पुण्याचे, मी पुण्याचा. रोह्याला मी एकदाही गेलेलो नाही. तसं सांगितलं.

"एकदाही नाही?" असं विचारून त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग परात पुन्हा पुढे ओढली आणि ओंजळभर सोललेले वाल कागदात बांधून माझ्या हातात ठेवले.

परतीच्या बोटीत ती पुडी सांडली. अर्धे वाल मी बाकाखालून गोळा केले, बाकीचे लोकांच्या पायाखाली गेले.