लबकहून, दारव्ह्याच्या वावरांसाठी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावाची. घरची शेती कोरडवाहू. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, आणि ओल टिकली तर थोडा हरभरा. सध्या मी अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या लबक शहरात राहते आणि एका प्रयोगशाळेत कापसाच्या धाग्याची तपासणी करते.

अमेरिका म्हटलं की गावाकडे उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. इथे तसं काही नाही. सपाट जमीन, धुळीचा वारा, यवतमाळच्या जेमतेम निम्मा पाऊस, आणि शहर संपलं की चहूबाजूंनी कापूस.

लिहायला बसले ती घरच्या फोनमुळे. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी आलं काय तिकडं, बाई?" फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे ओट्यावर बसलेले सगळेच मग विचारू लागतात. क्विंटलले किती भेटते? गुलाबी अळी हाय का तिकडं? सरकीचं काय करतात? एवढे नेमके प्रश्न मला इथे क्वचितच कोणी विचारतं. पण त्यांची उत्तरं फोनवर चार वाक्यांत देता येत नाहीत, आणि अर्धवट उत्तर देणं मला बरं वाटत नाही. अर्धवट माहिती आपल्याकडे आधीच फार आहे.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2018 मध्ये ही अळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, आपल्याकडे बोंडं फोडली की आत अळी निघत होती, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. मग बियाण्याच्या दुकानात ऐकू येतं, "तिकडचं बियाणंच भारी." बीटी बियाणं तर आपल्याकडेही 2002 पासून आहे. इथे त्याच्या जोडीला याच अळीचे, नर-मादी दोन्ही वांझ केलेले पतंग विमानातून सोडले गेले, गंधसापळे लावले गेले आणि हंगाम संपला की ठरलेल्या मुदतीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, नष्ट करणं सगळ्यांना बंधनकारक झालं. हे सगळं वर्षानुवर्षं, सरकार आणि शेतकरी मिळून, सीमेपलीकडच्या मेक्सिकोलाही सोबत घेऊन चाललं. एकट्याच्या वावरात ते होण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही थोड्या कापसासाठी पऱ्हाटी उभी राहू दिली, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं, हे खरं. पण फरदड ठेवणाऱ्याला नावं ठेवणं मला पटत नाही. मार्चमध्ये हाती येणाऱ्या त्या दोन पैशांवर घरात काय काय अडलेलं असतं, ते मी पाहिलं आहे.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण घरी अजून कोणाला ते नीट कळलेलं नाही. इथे रुईची गाठ साधारण 218 किलोची असते आणि जवळपास प्रत्येक गाठीचा नमुना तपासला जातो. यंत्र रुईचा छोटासा पुंजका चिमटीत धरून ओढतं. धागा किती लांब, किती ताणाला तुटला, किती बारीक आणि किती पक्व, पांढरेपणा किती, हे सगळं आकड्यांत येतं. ते आकडे त्या गाठीच्या नंबरावर चढतात आणि भाव त्यावरून ठरतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला बाजार समितीतली आमची गाडी आठवली. व्यापारी यायचा, मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांनी तो उकलायचा, "ओल आहे, कवडी आहे" म्हणायचा आणि भाव बोलायचा. बाबा गप्प. आपल्या कापसाचा धागा किती लांब आहे, हे त्यांना आयुष्यात कोणी सांगितलं नाही. वास्तविक हाताने वेचलेला आपला कापूस स्वच्छ असतो. इथलं यंत्र बोंडासकट सगळं ओरबाडतं आणि काडीकचरा मग जिनिंगमध्ये निघतो. बायांनी निगुतीने वेचलेला माल आपल्याकडे एकाच ढिगात ओततात, तिथेच त्या निगुतीची किंमत जाते. याबद्दल मला पुढे सविस्तर लिहायचं आहे.

इथलं सगळं छान आहे असंही कोणी समजू नये. 2022 च्या दुष्काळात टेक्सासमधला निम्म्याहून जास्त कापूस वेचणीपर्यंत पोचलाच नाही. जमिनीखालचा ओगलाला नावाचा प्रचंड जलसाठा वर्षानुवर्षं उपसला जातोय आणि पावसाने तो त्या वेगाने भरत नाही. फरक एवढाच की इथे पीक गेलं तरी विम्याचा पैसा येतो. शेतकरी त्याच्या भरवशावर पुढच्या मे महिन्यात पुन्हा पेरतो.

आणि या दोन मुलखांचं नातं जुनं आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि तिथल्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. आपल्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव उतरले. रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये, खामगावचा फाटा 1870 चा. म्हणजे रूळ येईस्तोवर तेजी ओसरली होती. आमच्या दारव्ह्यावरून जायची ती शकुंतला रेल्वे तर त्याहून कितीतरी उशिराची, पण तीही कापसासाठीच आली. इथे काय घडतं त्याचा हिशेब आपल्या घरात तेव्हापासून होत आला आहे. म्हणून इथलं खरं काय ते आपल्या माणसांना मराठीत, सरळ कळावं असं मला मनापासून वाटतं.

पहिला मान काकूच्या प्रश्नाला. परवा फोन घेऊन तिने विचारलं, "वेचाले बाया भेटतात का वो तिकडं? का भाव देतात?" काकू, इथे आता वेचणी नाही. यंत्रं आली आणि 1960 च्या दशकात हाताची वेचणी जवळजवळ संपली. त्याआधी मात्र ती होती. काळे लोक वेचायचे, गरीब गोरे वेचायचे, आणि 1942 पासून 1964 पर्यंत सरकारी करार करून मेक्सिकोतून मजूर आणले जायचे. तू कमरेला ओटी बांधतेस, ते खांद्याला अडकवलेली लांबलचक पिशवी कापसाच्या ओळींमधून मागे ओढत न्यायचे, आणि मजुरी तुझ्यासारखीच वजनावर. यंत्र आल्यावर ती माणसं कुठे गेली, त्यांच्या घरचं कसं भागलं, हे मी इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारते आहे. पुढचं लिखाण त्यावरच. तुमच्या वावरातलेही प्रश्न पाठवत राहा, बियाण्याचे असोत, भावाचे असोत की पोराला इकडे शिकायला पाठवायचे.