बालचित्रपट केला, दमवलं ते ‘फॉर्म सी’ने: माझा अनुभव

आमच्या बालचित्रपटात अहिराणी बोलणारा राक्षस आहे, उडणारी घोंगडी आहे. राक्षस एवढा मोठा कसा दाखवला, हे सगळे विचारतात. नट कॅमेऱ्याजवळ, मुलं बरीच मागे, आणि मधली जमीन चौकटीत येऊ द्यायची नाही. एवढंच! जीव मेटाकुटीला आणला तो मुलांच्या परवानगीने.

१४ वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात घ्यायचं, तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे शूटिंग असेल त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरांची, परवानगी लागते. ‘फॉर्म सी’मध्ये हमीपत्र, मुलांची यादी, आईवडिलांची संमती, सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव. आमचे सगळे कागद तयार होते. मुंबईत शूटिंग रोजचंच. खानदेशात या फॉर्मचं टेबल कोणतं, हेच कुणी सांगेना. पहिल्या टेबलावर म्हणाले, “हे कामगार खात्याचं.” कामगार खात्यात म्हणाले, “परवानगी कलेक्टर देतात, आम्ही नाही.” परत आलो तर साहेब दौऱ्यावर. मग पोलीस ठाण्याचं पत्र मागितलं, जे नियमात कुठेच नाही. इकडे मुलं रोज विचारायची, “भाऊ, शूटिंग कव्हय शे?” त्यांची उन्हाळ्याची सुट्टी अशीच सरत होती आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा.

त्यातच आमच्या नायिकेचे पुढचे दोन दात पडले. तिचा ‘स’ फसफसायला लागला, म्हणून संवाद बदलून लिहिले. नवे दात दिसायच्या आत उरकावं म्हणून परवानगी मिळाल्यावर तिचे क्लोजअप सगळ्यात आधी घेतले.

शेवटी नियमाची प्रत काढली, ‘जिल्हा दंडाधिकारी’ या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि थेट निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, त्याच कागदावर शेरा मारला आणि फाइल हलली! तेव्हा पहिल्याच दिवशी नियमाची प्रत सोबत न्या. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कुणी “ठेवून जा” म्हटलं तरी नाही.

हमीपत्र सहा महिनेच चालतं. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस लागतो. आमची सात मुलं, म्हणून दोन ताईंची नावं दिली. मुलांचं काम दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ वाटून घेतलं आणि ही अट मला मनापासून पटली.

केळीच्या पानांचे पोशाख करणार असाल तर मागे निळा पडदा लावा. हिरव्या पडद्यापुढे पानं गायब होतात, कारण नंतर संगणकावर पडद्याचा रंग पुसला की तीही पुसली जातात.

मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. त्यासाठी जन्मदाखले आधीच गोळा करा. सातही मुलांच्या पावत्या मी स्वतः घरोघरी नेऊन दिल्या.