हेराल्डची पुढची चाकं: बेअरिंग फेकण्याआधी धुऊन पाहा

आमची गाडी १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मद्रासला बनलेली, पण मूळ रचना इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची. त्याच हेराल्डची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे पुढच्या चाकांचं हे काम दोन्ही गाड्यांना जवळपास सारखंच लागू पडतं. फरक एवढाच की स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक असतात आणि आमच्या हेराल्डला ड्रम.

हिवाळ्यापासून दारव्हा रस्त्यावर उजव्या पुढच्या चाकातून घरघर येत होती. गाडी डावीकडे वळवली की वाढायची, उजवीकडे वळवली की कमी व्हायची. डावं वळण घेताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे दुखणं उजवीकडेच. मे महिन्यात शेतात फारसं काम नसतं, तेव्हा हे काढलं.

मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक लावून चेसिसखाली घोडी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी स्टँड, सरकवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नये, हे कितीदाही सांगितलं तरी थोडंच. चाक वरून-खालून धरून हलवलं तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला. मग पुतण्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. खेळ गेला. ब्रेक दाबल्यावर खेळ जातो तेव्हा तो बेअरिंगचा असतो. गेला नसता तर वरचा बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनियन, म्हणजे चाक वळतं तो आट्यांचा सांधा, पाहावा लागला असता.

ट्रनियनचं नाव आलंच आहे तर सांगतो. तो पितळी असतो आणि त्याला ग्रीस नाही, ९० नंबरचं गियर ऑइल लागतं. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी दिली की दिसेल त्या निपलमध्ये ग्रीस भरतात. ते घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे पडून गंजतात आणि एक दिवस चाक मोडून आडवं होतं. हेराल्ड किंवा स्पिटफायर असेल तर गाडी देताना हे तोंडाने सांगाच.

हिची नट-बोल्टं इंचात आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा नटाचे कोपरे खातो. इंची पान्यांचा एक संच घरी ठेवावाच.

ब्रेकचं अ‍ॅडजस्टर सैल करून ड्रम काढला. आतली धूळ फुंकली नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वॉशर. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, थोडा ओढला की बाहेरचं छोटं बेअरिंग हातात येतं, मग अख्खा हब निघतो. आतलं ग्रीस पांढरट झालं होतं. ग्रीसमध्ये पाणी शिरलं की असंच होतं. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी हबपर्यंत चढलं होतं. आतल्या बाजूची, पाणी-माती अडवणारी फेल्टची (नमद्याची) रिंग वाळून कडक झाली होती आणि तिच्या कडेला काळी माती बसली होती. पाणी कुठून शिरलं हे तिथेच दिसलं.

दोन्ही बेअरिंगं डिझेलमध्ये ब्रशने धुतली, शेवटी थोड्या पेट्रोलमध्ये खळखळली आणि सावलीत सुकवली. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवण्याची खोड बऱ्याच जणांना असते. कोरडं बेअरिंग तसं फिरवल्याने खराब होतं, शिवाय रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतात. प्रत्येक बेअरिंग आपापल्या रेससोबत, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यासोबत, वेगळ्या डब्यात ठेवलं, कारण दोघांची झीज एकमेकांच्या मापाने झालेली असते.

गावातले ट्रॅक्टरचे मिस्त्रीकाका आले होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातही टेपर, म्हणजे निमुळत्या, रोलरची बेअरिंगच असतात, त्यामुळे त्यांचा हात बसलेला. आतलं मोठं बेअरिंग उजेडात फिरवून म्हणाले, "याले काहीच नाई झालं, भाऊ. नवीन काहून घेता?" रोलर चकचकीत होते, तापून येणारा निळेपणा नव्हता, रेसवर बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. बाहेरच्या छोट्या बेअरिंगच्या रेसमध्ये मात्र गंजाचे खड्डे पडले होते. ते एकच बदललं. नागपूरला दुकानदाराने बेअरिंगवर कोरलेला नंबर पाहून जोड काढून दिली. फेल्टची शीटही तिथेच मिळाली. जुन्या रिंगच्या मापाने कापून ती पत्र्याच्या चकतीवर चिकटवली, इंजिन ऑइलमध्ये भिजवून पिळली आणि जुनीचं तोंड होतं त्याच बाजूला बसवली.

जुनी रेस हबच्या आतून पितळी पंचाने आळीपाळीने ठोकून काढली. नवी बसवताना हब दुपारभर उन्हात ठेवला आणि रेस फ्रीजरमध्ये. मे महिन्यातलं आमचं ऊन इथे कामाला आलं. हब हातात धरवत नव्हता आणि रेस हलक्या ठोक्यांनी सरळ तळाला बसली.

ग्रीस लिथियमचं, एपी-३. जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवं भरू नये, कारण वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकमेकांत मिसळलं की पातळ होऊन वाहू शकतं. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत न्यायची. वरच्या अरुंद बाजूने रोलरमधून ग्रीस बाहेर आलं की तेवढा भाग भरला, मग थोडं फिरवून पुन्हा. हबच्या पोकळीत पातळ थर पुरतो. ठासून भरलं तर गरम होऊन ते ब्रेकच्या लायनिंगवर येतं. टोपीतही भरू नये.

सगळ्यात नाजूक काम शेवटचं. हब फिरवत फिरवत नट आवळला, म्हणजे रोलर नीट बसतात, आणि मग नटाची एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, मागे घेतला. काकांना हे पटेना. त्यांच्या मते अजून घट्ट हवा होता. पण टेपर बेअरिंगला किंचित मोकळीक लागतेच, मिलिमीटरचा दहावा भाग धरा. घट्ट राहिलं तर गरम होऊन ग्रीस जळतं आणि बेअरिंग जाम होतं. हब धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल एवढा खेळ ठेवला. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट सैल करून जुळवायचं, आवळून नाही. पिन दरवेळी नवी घालायची.

डाव्या चाकाची दोन्ही बेअरिंगं चांगली निघाली. तिकडे धुणं, ग्रीस आणि नवं फेल्ट एवढ्यावर भागलं.

मग यवतमाळपर्यंत गाडी नेऊन आणली. घरघर गेली होती. परतल्यावर हबला हात लावून पाहिला तर दोन्ही बाजू कोमट, सारख्याच. पुन्हा घोडीवर चढवून खेळ तपासला, उजवीकडे होता तेवढाच होता. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास उजवा हब परत उघडून फेल्ट पाहणार आहे. तिथे ओल दिसली नाही तर डावा उघडायची गरज नाही.