टोकाची धार अखेर लागली: जुना वस्तरा, तिसरा आठवडा

मंगळवार बाजारातून आणलेला जुना वस्तरा आज पहिल्यांदा टाचेपासून (पात्याचा मुठीकडचा भाग) टोकापर्यंत सारखा चालला. गेल्या रविवारी धारेच्या आठ हजारच्या दगडावरून (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) उतरवला, तेव्हा टोकाकडचा बोटभर भाग सोडून सगळीकडे धारेला टेकवलेला लोंबता केस टपकन तुटत होता. वाटलं, बारा हजारवर अजून घासलं की टोकही येईल. शंभर हात मारले. चकाकी आरशासारखी आली, केस मात्र टोकाशी नुसता वाकायचा.

मग मार्करने धारेच्या दोन्ही बाजू रंगवल्या आणि एक हजारवर दोनच हात फिरवले. टोकाशी शाई जशीच्या तशी! म्हणजे तिथे पातं दगडाला लागतच नव्हतं. दिव्याखाली धार वर करून दहापट भिंगातून पाहिली, तर तेवढ्याच जागी पांढरी रेघ चमकली. धार लागलेली असती तर उजेड परतवायला तिथे जागाच नसती.

पेन्सिलीच्या रेघा मारून, त्या पुसल्या जाईपर्यंत दगड काचेवरच्या पॉलिशपेपरवर सपाट केला. पात्याची पाठ दगडाला टेकलेली, दाब नाही, टाचेकडून टोकाकडे तिरका हात. पातं पुढे सरकताना पाणी सगळ्या लांबीभर धारेवर चढतंय का, एवढंच बघत राहिलो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दगड बघता बघता कोरडा पडतो, फवाऱ्याची बाटली शेजारीच हवी. टाच, मध्य, टोक या तिन्ही ठिकाणी हातावरची लव कातडीलगत निघेपर्यंत एक हजार सोडायचा नाही, हे आता पक्कं केलंय.

केसाच्या चाचणीबद्दल एक सांगतो. आईच्या फणीतला तेलकट केस तुटेना. तोच साबणाने धुऊन वाळवला तर तुटला. केसावरचे खवले टोकाच्या दिशेने असतात, त्यामुळे कुठलं टोक चिमटीत धरलंय त्यावरही निकाल बदलतो. मी आता एकाच डोक्याचे धुतलेले केस डबीत ठेवतो, मूळ कायम चिमटीत. आणि चाचणी वस्तरा पट्ट्यावर फिरवल्यानंतरच: आधी जुन्या सोलापुरी चादरीची सुती पट्टी, मग चामड्यावर पन्नास फेऱ्या.

आज सकाळी दाढी केली. गालांवर आवाजही आला नाही. हनुवटीखाली उलट्या हाताला अजून किंचित ओढतो, म्हणून रविवारी बारा हजारवर हलक्या हाताने वीस फेऱ्या देणार आहे. खालच्या आकड्यांच्या दगडांना हात लावायचा नाही.