क्राऊन हाय का येतो? बाईट जुळवतानाचा माझा अनुभव

डेंटल लॅबमध्ये क्राऊनच्या, म्हणजे तासलेल्या दातावर बसणाऱ्या कॅपच्या डिझाइनला बसायला लागल्यापासून डॉक्टरांची एक तक्रार पाठ झाली होती: "क्राऊन हाय आला, घासून घासून बसवला." हाय म्हणजे उंच: दात मिटताना तोच आधी लागतो. झिर्कोनियाचा, म्हणजे कडक सिरॅमिकचा क्राऊन तोंडात घासला की वरचा गुळगुळीत थर, ग्लेझ, जातो, आणि नंतर पॉलिश नीट झालं नाही तर समोरचा दात झिजतो. यावर लॅबवाल्यांचा सरसकट उपाय म्हणजे समोरच्या दातापासून जरा जादा अंतर सोडायचं. मला तो कधीच पटला नाही. एक क्राऊन हाय येतो, दुसरा लागतच नाही, मग आकडा बदलून काय होणार?

म्हणून मी क्राऊनला हात लावण्याआधी न तासलेले दात बघायला लागलो. वरचा-खालचा जबडा वेगवेगळा स्कॅन होतो. पेशंटने दात मिटले की गालाकडून छोटा बाईट स्कॅन घेतात, आणि त्याच्या आधाराने सॉफ्टवेअर दोन्ही जबडे एकमेकांवर बसवतं. हा बाईट स्कॅन एकाच बाजूचा असला की जबडा कलू शकतो. एक्झोकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर दाखवणारे रंग लावले की लगेच कळतं: एकीकडच्या दाढा एकमेकींत घुसलेल्या, पलीकडे फट. घट्ट चावल्यावर दात किंचित दबतात, त्यामुळे थोडं घुसलेलं मी चालवून घेतो. पाव मिलिमीटर दिसलं तर फाइल तिथेच थांबवतो.

नुसत्या रंगांवरही विसंबत नाही. आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे चावल्यावर दात जिथे टेकतात तिथे रंग सोडणारा कागद, त्याच्या खुणांचा फोटो मागवतो, शिवाय शिमस्टॉकची, म्हणजे अगदी पातळ फॉइलची ८ मायक्रॉनची पट्टी कुठल्या दातांत अडकते तेही विचारतो. खुणा आणि स्क्रीनवरचे ठिपके जुळले तरच पुढे. "एवढा महागाचा स्कॅनर घेतला, आता परत कागद लावू?" असं एक डॉक्टर म्हणाले होते. लावा म्हटलं.

सगळ्यात छळते ती शेवटची दाढ. तीच तासली की मागे आधाराला काही उरत नाही, आणि भूल दिलेल्या पेशंटला आपण कुठे चावतोय ते धड कळत नाही. अशा केसला बाईट भूल देण्याआधीच आणि दोन्ही बाजूंनी घ्यायला सांगतो. नंतर स्कॅनमधली तेवढीच दाढ कापून तासलेली स्कॅन केली की जबड्यांची बैठक हलत नाही.

माउसने जबडा ओढून रंग जुळवता येतात, घाईत बरेच जण जुळवतातही. पण ओढायचा किती, हे तोंड न बघता कशावरून ठरवणार?

आता काही डॉक्टर न मागता फोटो पाठवतात. एक जण अजून एकाच बाजूचा बाईट पाठवतात. त्यांची केस आली की आधी फोन, मग डिझाइन.