क्लासमधला प्रॉक्सी लॅपटॉपना आपोआप सापडायला लागला, त्याचा माझा अनुभव

सदाशिव पेठेत आमचा छोटासा लिनक्सचा क्लास आहे, अख्खी बॅच एकदम डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) अपडेट करायला बसली की नेट मेलंच म्हणून समजा. तीच पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली, प्रत्येकाने वेगवेगळी बाहेरून ओढायची, काय अर्थ आहे याला? म्हणून जो जुना डेस्कटॉप गेटवे म्हणून लावलाय, म्हणजे ज्यातून सगळ्यांचं नेट बाहेर जातं, त्याच्यावरच एपीटी-कॅशर-एनजी हा प्रॉक्सी, म्हणजे मधे बसून पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्रॅम टाकला, ३१४२ पोर्टवर चालतो, एकाने उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथूनच मिळतं. इथवर काहीच अवघड नव्हतं.

खरी अडचण लॅपटॉपची. एपीटीच्या (डेबियनमध्ये पॅकेजेस उतरवून टाकणारं साधन) कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का लिहायचा ही नेहमीची पद्धत, लॅबच्या मशीनना ती चालते, पण पोरं संध्याकाळी कोथरूडला नाहीतर हडपसरला घरी जातात आणि तिथेही एपीटी त्याच आयपीला शोधत बसतं, मग मला फोन, "सर, अपडेटच होत नाहीये". रोज ती फाइल कोण काढणार आणि सकाळी कोण परत टाकणार!

उपाय डेबियनमध्येच होता, ऑटो-एपीटी-प्रॉक्सी नावाचं पॅकेज. एपीटीला प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्ट अशी सेटिंग आहे, तिथे स्क्रिप्टचं नाव दिलं की एपीटी आधी तिला विचारतं, पत्ता मिळाला तर त्या प्रॉक्सीने जातं, नाही तर सरळ बाहेर. हे पॅकेज इन्स्टॉल झालं की ती सेटिंग आपणहून लागते. ते स्वतःच्या मशीनवर बघतं, गेटवेवर बघतं, डीएनएसमध्ये एसआरव्ही रेकॉर्ड (कुठली सेवा कुठल्या मशीनवर आहे त्याची नोंद) ठेवला असेल तर तोही बघतं. आमचा प्रॉक्सी गेटवेवरच असल्याने वेगळं काहीच करावं लागलं नाही, टर्मिनलमध्ये नुसती ऑटो-एपीटी-प्रॉक्सी ही कमांड दिली आणि समोर गेटवेचा आयपी, पुढे ३१४२. फार बरं वाटलं.

एकाने चांगलं विचारलं, की कॅफेत कोणी खोटा प्रॉक्सी लावला तर? रिपॉझिटरीच्या (जिथून पॅकेजेस येतात तो साठा) यादीवरची डिजिटल सही एपीटी तपासतं आणि पॅकेज त्या यादीतल्या हॅशशी (फाइलच्या ठशाशी) जुळवून बघतं, त्यामुळे मधल्याने फाइल बदलली तर ती घेतलीच जात नाही.

एचटीटीपीएसवाल्या बाहेरच्या रिपॉझिटरी मात्र ४०३ (परवानगी नाही) अशी एरर देऊन अडल्या, त्यासाठी कॅशरच्या कॉन्फिगमध्ये पासथ्रू-पॅटर्न, म्हणजे कुठल्या साइट तशाच पुढे जाऊ द्यायच्या ते, द्यावा लागला, त्या कॅश होत नाहीत (साठवल्या जात नाहीत) पण निदान चालतात. मग हडपसरच्या पोराला घरून अपडेट करायला लावलं, कुठलीही फाइल न बदलता झालं, आता नव्या बॅचच्या लॅपटॉपवर हे पॅकेज पहिल्याच दिवशी टाकतो.