आमची वाटचाल : काटोल रोडची शेड आणि बेनापोलचं फाटक

२००८ साली नागपूरच्या काटोल रोडवर पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. मी, धाकटा भाऊ आणि संत्रा निवडायला सहा बायका. यंत्र म्हणून फक्त तराजू.

नागपुरी संत्र्याची साल सैल, पंजाबच्या किन्नू संत्र्यासारखा मार तो सोसत नाही. तोडताना देठ ओढला की सालीला भोक पडतं आणि ते एक फळ तिसऱ्या दिवशी शेजारच्या चारांना घेऊन सडतं. म्हणून कात्रीनं सालीलगत देठ कापलेलाच माल आम्ही घेतो. शेतकरी सुरुवातीला चिडायचे, आता तेच मजुरांना दटावतात. २०१३ मध्ये कर्ज काढून धुणं, वॅक्सिंग (सालीवर मेणाचा पातळ थर) आणि ग्रेडिंगचा पट्टा बसवला.

निम्म्याहून जास्त माल बांगलादेशात जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रक बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला लागायचा, पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला माल त्यांच्या गाडीत पलटी व्हायचा, तिथून ढाका. २०१९ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे २० टका होतं. चढत चढत २०२३ मध्ये ते ८८ टका झालं. आपल्या पैशात साठ-पासष्ट रुपये. आम्ही बागेतून चांगला आंबिया (डिसेंबरापर्यंत निघणारा बहार) पंचवीसनं उचलत होतो, म्हणजे फळापेक्षा फाटकच दुपटीनं महाग.

त्या नोव्हेंबरात दोन ट्रक भरून दोर आवळणं चालू होतं. रात्री अकराला ढाक्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, माल मत भेजो. इस ड्यूटी में कोई नहीं लेगा." पहाटेपर्यंत क्रेट उतरवले आणि सकाळी नागपूरच्या कळमना बाजारात मिळेल त्या भावात विकले. बागवाल्यांना शब्द दिला होता, त्यांचे पैसे पूर्ण दिले. डिसेंबरात राज्य सरकारनं त्या शुल्काच्या निम्म्याइतकं अनुदान जाहीर केलं. पण तोवर आंबिया सरत आला होता.

ढाक्याच्या त्या माणसावर माझा राग नाही. त्याचंही दुकान बसलं. भारत-बांगलादेश मित्र देश. २०११ पासून आपण दारू-तंबाखू सोडून त्यांच्या जवळपास सगळ्या मालाला शुल्क माफ केलंय. पण सप्टेंबर २०१९ मध्ये आपणच कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. २०२० मध्ये पुन्हा बंदी, कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले. २०२३ मध्ये तर आधी ४० टक्के निर्यात शुल्क, मग डिसेंबरात बंदी. संत्र्यावरचं शुल्क त्याच रागातून वाढलं, असं आमच्या बाजारात बरेच जण म्हणतात. ते सिद्ध करणं माझं काम नाही. पण नाशिकच्या कांद्याला आपण रातोरात अडवणार आणि काटोलच्या संत्र्याला त्यांनी मोकळी वाट द्यावी, असं कुठल्या तोंडानं मागायचं?

आता आमचा माल हैदराबाद, चेन्नई, कोचीला जातो. तिकडे मोठं फळ चालतं, लहान फळाला भाव नाही. ढाक्याला लहानही खपायचं. निवडणाऱ्या बायकांपैकी चौघींना हंगामभर काम देता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही सरकारांकडे मागणं एकच आहे. शुल्क काय ठेवायचं ते ठेवा, पण ऑगस्टच्या आत सांगा आणि मार्चपर्यंत बदलू नका. बागांचे सौदे आम्ही सप्टेंबरात करतो.